इराण्याकडचं माझं फुलपात्र

मास्तरणींच्या आयुष्यात गोष्टी कशा साठत जातात म्हणून सांगू! पोरांच्या वह्या तपासून परत देता येतात, गोष्टी कुणाला परत देणार? त्यात आमची शाळा मराठी माध्यमाची, आणि ती हैदराबादेत, नारायणगुड्यात. पटावर पोरं कमी, किस्से जास्त! आणि शाळा सुटली की कोपऱ्यावरच्या इराण्याकडे चहा. तीस वर्षांत तिथं बसून आम्ही जेवढं हसलो तेवढं घरी हसलो असतो, तर संसार सोन्याचे झाले असते.

हे किस्से मी लग्नात सांगते, हळदीकुंकवाला सांगते, बँकेच्या रांगेतसुद्धा सांगते. लोक पोट धरून हसतात. पण पुढच्या वर्षी मी रिटायर होणार, म्हणून परवा सगळे ओळीनं आठवत बसले होते, आणि काय की, हसूच येईना. प्रत्येक किश्श्यात कुणीतरी मोठ्या मनानं वागलेलं आहे. आणि ते कुणीतरी एकदाही मी नाही! सांगते, तुम्हीच बघा.

*

इराण्याकडे जायला लागलो त्याला कारण यादम्मा. यादम्मा आमच्या शाळेतली आया. घंटा तीच देते, झाडते तीच, आणि स्टाफरूमचा चहाही तीच करते. दुधाची पावडर, ओंजळभर आलं, आणि सकाळचीच पत्ती दुपारी पुन्हा. घंटा मात्र वेळेवर देते हो, त्यात खोट काढायला जागा नाही.

मी नोकरीला लागले त्या पहिल्याच दिवशी यादम्मानं कप पुढं ठेवला. मी नवीन, निमूटपणे पिऊन टाकला. शेजारी गणिताच्या कमलताई बसल्या होत्या. मूळच्या परभणीकडच्या, माझ्याहून सहा वर्षांनी मोठ्या. त्यांनीही आपला कप संपवला, तोंड पुसलं आणि मला विचारलं, "काय गं, आज चहा आला नाही का?"

त्या दिवसापासून आमची मैत्री. साडेचारला शाळा सुटली की त्या नुसतं "चल" म्हणायच्या, आणि आम्ही इराण्याकडे.

तिथं बायकांसाठी 'फॅमिली' म्हणून वेगळा भाग होता. प्लायवूडची आडभिंत, तिला एक हिरवा पडदा, आत संगमरवरी टेबलं. पडद्याबाहेर रहमतभाई, आमचे वेटर. खांद्यावर फडकं, हातात ट्रे. पडदा सारायच्या आधी दोनदा खोकणार, मगच आत येणार. तीस वर्षांत तो खोकला एकदाही चुकला नाही. आम्हाला म्हणायचे 'टीचर'. दुसरं कुणी आमच्या टेबलाकडे वळलं तर, "वो मेरे टीचरां हैं, तुम जाओ" म्हणून हाकलायचे.

आमची ऑर्डर ठरलेली. वन बाय टू! म्हणजे एक चहा आणि सोबत एक रिकामा कप. दाट, गोड चहा, डिकॉक्शन वेगळं उकळलेलं, दूध वेगळं आटवलेलं. अख्खा कप संध्याकाळी जड जातो, म्हणून निम्मा-निम्मा. त्याचा कमलताईंनी नियमही केला होता. एकीनं ओतायचं, दुसरीनं उचलायचं. "ओतणारीनं उचलायचं नाही," त्या म्हणायच्या. "म्हणजे हात आपोआप सरळ चालतो."

गणिताच्या बाई ना!

*

आता आमच्या घरचं सांगते. माझं सासर बिदरकडचं, शेतकरी घर. पण सासरे नोकरीसाठी तरुणपणीच हैदराबादेत आले ते नारायणगुड्यातच मुरले. घरात शब्द सासूबाईंचा. त्यांचा नियम होता, इराण्याच्या कपाला तोंड लावायचं नाही. का, ते कुणी विचारायचं नाही. सासरेही मान डोलवायचे. "आपल्या घरात कुणी त्या पायरीला पाय लावला नाही," असं ते आल्यागेल्याला अभिमानानं सांगायचे.

एका संध्याकाळी आम्ही फॅमिलीत बसलेलो. प्लायवूडच्या पलीकडून आवाज आला, "रहमत, एक पौना. मलाई मार के. और बिस्कुट ताजे ला, कल के नक्को!"

माझा हात कपाशी तसाच थबकला. आवाज सासऱ्यांचा! पौना म्हणजे जरा जास्त कडक. तो मागायला मुरलेलं गिऱ्हाईक लागतं.

कमलताई पदरात तोंड घालून हसत होत्या. मी ठरवलं, ते जाईपर्यंत जागचं हलायचं नाही. अर्धा तास झाला. पलीकडून बिस्किटं बुडवल्याचा आवाजसुद्धा ऐकू येत होता. शेवटी ते उठले असं वाटलं, म्हणून आम्ही बाहेर आलो, तर गल्ल्यापाशी समोरासमोर! मी आणि मामंजी.

त्यांनी धोतराचा सोगा सावरला. म्हणाले, "मी जरा पत्ता विचारायला आत आलो होतो."

चाळीस वर्षं त्याच गल्लीत राहणारा माणूस!

मी म्हणलं, "मीपण."

घरी जाताना दोघं बरोबर चाललो, एक अक्षर न बोलता. त्यांनी कधी माझं नाव सांगितलं नाही, मी त्यांचं नाही. हा किस्सा मी इथंच संपवते, लोक टाळ्या देतात. पण एक गोष्ट मी कधी सांगत नाही. मामंजी सरळ इराण्याच्या कपात पीत होते. माझ्या पर्समध्ये मात्र तेव्हाही एक फुलपात्र होतं.

त्याचं सांगतेच. जरा थांबा, धीर गोळा करू द्या.

*

मध्ये मुग्धाचं सांगून घेते.

मुग्धा पुण्याची. नवरा आयटीत, म्हणून हैदराबादेत आली आणि तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे कॉम्प्युटर शिकवायला लागली. पोरगी हुशार, मनानं स्वच्छ, पण तोंडाला फिल्टर नाही. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "शैलाताई, तुमचं मराठी किती वेगळं आहे हो! 'नक्को' काय, 'काय की' काय! तुम्ही मराठीच शिकवता ना?"

मी हसले. वर्गात गेल्यावर मात्र 'नक्को' तोंडात आलं की गिळायला लागले. सत्तावन्नाव्या वर्षी!

तिला पहिल्यांदा इराण्याकडे नेलं तेव्हा कमलताई रिटायर झालेल्या होत्या, पण चहाला तारनाक्याच्या घरून यायच्या. तिघी बसलो. रहमतभाई खोकून आत आले. मुग्धा म्हणाली, "भैया, एक चाय, शक्कर कम, अदरक ज्यादा."

रहमतभाई शांतपणे म्हणाले, "टीचर, अदरक सालन में डालते. चाय में नै."

सालन म्हणजे रस्सा. कमलताईंना ठसका लागला. मुग्धा मोकळेपणानं हसली, म्हणाली, "बरं बाबा, तुमची आणा." घोटभर पिऊन म्हणाली, "आईशपथ! हे मी आधी का नाही प्यायले?" आणि सरळ रहमतभाईंना विचारलं, "आप कब से हैं यहाँ? घर कहाँ है? बच्चे कितने?"

चार मिनिटांत तिला कळलं की त्यांची एकच मुलगी आहे, जहीराबादला दिलीय, जावई टेलर आहे, बायको जाऊन सहा वर्षं झाली.

सहा वर्षं! आम्ही रोज तिथं बसत होतो. त्यांची बायको गेली त्या आठवड्यात चहा कुणी आणून दिला होता, तेही मला आठवेना. मान खाली घालून मी बिस्किटाचे तुकडे करत बसले.

*

आता फुलपात्र.

मुग्धाला मी हा किस्सा रंगवून सांगितला होता. तो असा. आमच्या कमलताई पूर्वी इराण्याकडे यायच्या ते पर्समध्ये स्वतःचं स्टीलचं फुलपात्र घेऊन! पाणी इराण्याच्या ग्लासातलं प्यायचं, समोसे त्यांच्या बशीतले खायचे, बिस्किटं त्यांच्या हातची घ्यायची. चहा मात्र स्वतःच्या फुलपात्रात! आणि तो चहा येणार कशात? त्यांच्याच कपात! तो फुलपात्रात ओतला की शुद्ध! वर स्टील तापायचं, बोटं भाजायची, म्हणून फुलपात्र पदरात धरून प्यायचं.

लोक या जागी हमखास हसतात. मुग्धा हसली नाही. कमलताईंकडे वळून म्हणाली, "तुम्ही? कमलताई, तुम्ही असं करायचात? त्या माणसासमोर?"

कमलताईंनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी कपात बघत होते. मग त्या म्हणाल्या, "जुनी गोष्ट आहे गं. समोसा घे, गार होतोय."

त्यानंतर कितीतरी दिवस मुग्धा कमलताईंशी जरा तुटक वागायची. मला ते दिसायचं. मी काही बोलले नाही.

ते फुलपात्र माझं होतं.

रुखवतातलं, नाव घातलेलं. सासूबाईंनी स्वतः पर्समध्ये ठेवलेलं. "शाळेत पाणी प्यायला" म्हणून दिलं होतं, पण काय ते मला कळत होतं. कमलताई सुरुवातीला म्हणायच्या, "शैला, हे बरं दिसत नाही." मी म्हणायची, "अहो, कप नीट धुतलेले नसतात." ग्लास कोण धुतो, हे त्यांनी कधी विचारलं नाही. फक्त एकदा माझी भाजलेली बोटं बघून म्हणाल्या, "सोवळ्याची धग असते हो!"

आणि आमचा तो नियम, एकीनं ओतायचं, दुसरीनं उचलायचं? तो माझ्यासाठी मोडलेला. "आपल्यात उचलायचा प्रश्नच नाही," कमलताई म्हणायच्या. "तुझा ठरलेला."

सासूबाई वारल्या. मला वाटलं होतं, आता फुलपात्र सुटेल. सुटलं नाही. आता सांगा, दोष कुणाचा?

*

एकदा ते फुलपात्र मी इराण्याकडे विसरले. घरी गेल्यावर लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी गेलो, बसलो. बाहेर दोनदा खोकला. पडदा सरला. रहमतभाईंच्या ट्रेमध्ये एक चहा, एक रिकामा कप, आणि लखलखीत घासलेलं माझं फुलपात्र.

"कल यहाँइच रह गया था, टीचर," ते म्हणाले. "किसी कू हात नै लगाने दिया. मैंइच धोया, अपने हाताँ से."

बघा म्हणजे! ज्या हातांपासून ते वाचवायचं, त्याच हातांनी ते घासून-पुसून समोर ठेवलेलं. आणि माणूस खूश! टीचरची वस्तू सांभाळली म्हणून!

मला काय सुचावं? मी म्हणलं, "वो क्या है रहमतभाई, मेरेकू डॉक्टर बोले. अलग बर्तन में पीना बोलके."

रहमतभाईंनी माझ्याकडे क्षणभर बघितलं. "जी टीचर," म्हणाले. "तो यहाँइच रख देतौं. रोज क्या उठा के लाते आप."

झालं! त्या दिवसापासून फुलपात्र चहाच्या समोवाराच्या वरच्या फळीवर, घड्याळाशेजारी. वर्षानुवर्षं. दुसऱ्या कुणाला मिळणार नाही. मला नको म्हणता येईना. नको म्हणायचं तर कशासाठी सुरू केलं होतं ते सांगावं लागलं असतं. हळूहळू माझ्या मनातून तो विटाळ-बिटाळ सगळा गेला हो, खरंच गेला. लाज तेवढी राहिली, आणि त्या लाजेपायी मी आणखी इतकी वर्षं फुलपात्रातच प्याले.

लॉकडाउननंतर हॉटेल उघडलं तेव्हा कागदी कप आले, मग पुन्हा चिनी मातीचे आले. फळीवर फुलपात्र नव्हतं. मी विचारलं नाही. भंगारात गेलं असेल म्हणून सुटकेचा श्वास टाकला. म्हणूनच तर पुढं मुग्धाला किस्सा सांगताना ते कमलताईंच्या गळ्यात घालायची हिंमत झाली! पुरावाच राहिला नव्हता ना.

*

गेल्या वर्षी मुग्धानं पर्यावरणाचं मनावर घेतलं. झाकणाचा एक महागडा मग आणला आणि म्हणाली, "मी आता सगळीकडे यातच पिणार."

इराण्याकडेही काढला. टेबलावर ठेवला. रहमतभाईंनी मग बघितला, हातात घेतला, झाकण उघडून आत बघितलं.

"ये भी डॉक्टरइच बोले क्या, टीचर?" त्यांनी मुग्धाला विचारलं.

"नहीं नहीं," मुग्धा म्हणाली. "पर्यावरण!"

"अच्छा," रहमतभाई म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता निघून गेले.

माझ्याकडे न बघता! बघितलं असतं तरी चाललं असतं हो. पडदा पडल्यावर कमलताई हळूच म्हणाल्या, "शैला, त्यांना सगळं ठाऊक आहे." मी म्हणलं, "कशावरून?" त्या म्हणाल्या, "इतक्या वर्षांत तू डॉक्टरचं नाव पुन्हा काढलं नाहीस. त्यांनीही काढलं नव्हतं."

*

पुढचा किस्सा अगदी छोटा आहे. हा मी कुणालाच सांगितलेला नाही.

रहमतभाईंचे गुडघे गेले. ट्रे घेऊन यायचे ते भिंतीला हात लावत. एक दिवस चहा ठेवता ठेवता त्यांच्या तोंडून "या अल्ला" निघालं. आम्ही तिघी, खुर्च्या चार. कमलताई म्हणाल्या, "रहमतभाई, दो मिनट बैठो यहाँ."

रहमतभाईंनी चौथ्या खुर्चीकडे बघितलं. आणि काय झालं मला ठाऊक नाही, माझ्या हातानं मांडीवरची पर्स उचलली आणि त्या खुर्चीवर ठेवली! मी ठरवून केलं नाही, देवाशपथ. हातच गेला.

रहमतभाई मोठ्यानं हसले. म्हणाले, "लो! टीचर की पर्स बैठ गई. अब मैं कहाँ बैठूँ?"

मुग्धाही हसली, तिला वाटलं विनोद झाला. कमलताई हसल्या नाहीत. मी पर्स लगेच उचलली, "बैठो ना, बैठो" म्हणलं, पण तोवर ते पडद्याबाहेर गेले होते. त्या रात्री जेवण गेलं नाही मला.

*

महिन्याभरानं त्यांनीच सांगितलं, काम सोडतोय. गुरुवारी जहीराबाद, लेकीकडे, कायमचं.

इतकी वर्षं मनात घोळवलेलं आता गुरुवारच्या आत बोलायचं होतं. माफ करा म्हणायला काय लागतं? दोन शब्द. रोज ठरवून जायची, चहा पिऊन परत यायची. शेवटी मीच शाळेत टूम काढली की रहमतभाईंचा सत्कार करू या, स्टाफरूममध्ये, बुधवारी! मुग्धा टाळ्या पिटायला लागली. सगळे म्हणाले, शैलाबाईंचं मन किती मोठं!

मन कसलं मोठं! माफी मागायची छाती नव्हती, म्हणून शाल आणली.

बुधवारी रहमतभाई आले. पांढराशुभ्र कुडता, दाढीला मेंदी, हातात कापडी पिशवी. त्यांना मधल्या खुर्चीवर बसवलं. तर ते टोकावर बसले, आत्ता कुणी ऑर्डर दिली तर लगेच उठता यावं असे. मी भाषण केलं. मराठीची शिक्षिका ना! 'आतिथ्यशीलतेचा वसा' म्हणलं, 'ऋणानुबंध' म्हणलं, 'कृतार्थ सेवा' म्हणलं. रहमतभाईंना त्यातलं एक अक्षर कळलं नसणार, पण दर वाक्याला "जी, जी" करत होते. कमलताई कोपऱ्यातून माझ्याकडे बघत होत्या. जे बोलायचं होतं त्यातलं एक अवाक्षर भाषणात नव्हतं. शाल घातली, नारळ दिला, फोटो झाले.

मग यादम्मा चहाचा ट्रे घेऊन आली. तोच तिचा चहा, कागदी कपात. मी कमलताईंच्या शेजारी जाऊन बसले. भाषण झालेलं, जीव जरा हलका झालेला, समोर ट्रे आलेला. आणि माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "रहमतभाई, इधर वन बाय टू!"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

रहमतभाई मात्र उठलेसुद्धा! नारळ यादम्माच्या हातात दिला. अंगावरची शाल काढून खांद्यावर टाकली, रोज फडकं टाकायचे तशीच. ट्रे हातात घेतला आणि वाटायला सुरुवात केली. "नको नको, तुम्ही बसा," सगळे ओरडत होते. ते कुणाचं ऐकतायत! ज्याचा सत्कार, तोच वाढपी! मला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटत होतं.

सगळ्यांना दिला. शेवटी आमच्याकडे आले. कमलताईंच्या हातात कप दिला. माझा कप टेबलावर ठेवला. मग "एक मिनट, टीचर" म्हणाले, पिशवीशी गेले, आणि आतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढून माझ्यापुढं ठेवलं.

"लॉकडाउन में दुकान बंद हुई ना," ते म्हणाले, "मैं घर कू लेके गया था. वहाँ रहता तो कोई भी पी लेता. आप की अमानत है."

मुग्धा शेजारीच होती. तिनं उत्साहानं कागद सोडला. फुलपात्र लखलखत होतं. तिनं ते फिरवून कोरलेलं नाव मोठ्यानं वाचलं, "सौ. शैला वसंत बिरादार."

वाचलं आणि थांबली. आधी कमलताईंकडे बघितलं. मग माझ्याकडे. ती नजर मी मरेपर्यंत विसरणार नाही.

कमलताई म्हणाल्या, "मुग्धा, चहा निवतोय गं."

इतकं होऊनही त्या मला वाचवायलाच बघत होत्या! तेव्हा मात्र मला राहवलं नाही. मी उभी राहिले. म्हणलं, "रहमतभाई, डॉक्टर नै बोले थे. कोईच नै बोला था. मैंइच..." आणि पुढं शब्द फुटेना. भाषणात एवढे शब्द वापरले, आता एक सापडेना. डोळ्यांतून नुसती धार. सगळा स्टाफ बघत होता.

रहमतभाई उभेच होते, खांद्यावर शाल, हातात रिकामा ट्रे.

मी तो ट्रे त्यांच्या हातातून घेतला. माझी खुर्ची पुढं ओढली. "बैठो," म्हणलं. "पर्स नै है."

ते बसले. टोकावर नाही, पूर्ण बसले.

मी माझा कागदी कप उचलला आणि निम्मा चहा फुलपात्रात ओतला. टेबलावर सांडला थोडा. कप आणि फुलपात्र दोन्ही त्यांच्यापुढं ठेवले. म्हणलं, "वन बाय टू. ओतणारीनं उचलायचं नाही. आप उठाओ."

रहमतभाईंनी कपाकडे बघितलं. फुलपात्राकडे बघितलं. मग फुलपात्र उचललं, तापलेलं तसंच, नुसत्या बोटांनी, आणि यादम्माच्या चहाचा एक मोठा घोट घेतला.

तोंड वाकडं केलं. गिळायला जरा वेळ लागला. मग माझ्याकडे बघून म्हणाले,

"अब समझ में आया टीचर, तीस बरस से आप लोगां हमारे पास कायकू आरे थे!"